वारेनचा पूल आणि वाल्मीची पवनचक्की

पॅरिसहून पूर्वेला सव्वादोनशे किलोमीटरवर सँत-मनू नावाचं लहानसं गाव आहे. शालोंपर्यंत आगगाडीनं आणि तिथून भाड्याच्या मोटारीनं मी आणि माझी मुलगी सकाळी तिथं पोहोचलो. लेक पॅरिसला शिकते, त्यामुळे वाट विचारायचं काम तिचं. गावाच्या नावाचं फ्रेंच स्पेलिंग लांबलचक आहे आणि त्यातली निम्मी अक्षरं कुणी उच्चारतच नाही.

मला बघायची होती ती एक वाट. १७९१च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई क्रांतीला घाबरून पॅरिसहून या वाटेनं पळत होता. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात याच मुलखात फ्रेंच सैनिकांनी राजाचं नाव न घेता लढाई केली. मधे पंधरा महिने गेले. शाळेत फ्रेंच राज्यक्रांती म्हणजे बॅस्टिलचा तुरुंग आणि गिलोटिन एवढंच शिकले होते. ‘राष्ट्र’ हा शब्द माणसांच्या छातीत कधी आणि कसा शिरला, हे मात्र मला इथं उभं राहिल्यावर समजलं.

१७९१च्या जूनमधल्या त्या संध्याकाळी राजाची बग्गी सँत-मनूला घोडे बदलायला थांबली. राजा नोकराच्या वेशात होता आणि प्रवासाचा परवाना कुणा बॅरोनेसच्या नावाचा होता. टपालाच्या चौकीवरच्या द्रुए नावाच्या माणसाला संशय आला. कागदी नोटेवर राजाचं चित्र असायचं, त्यावरून त्यानं तोंड ओळखलं असं सांगतात. बग्गी निघून गेल्यावर तो आणि त्याचा एक साथीदार घोड्यावरून रानातल्या वाटेनं वारेन या पुढच्या गावी तिच्याआधी पोहोचले. तिथं त्यांनी एर नदीवरच्या पुलावर सामान रचून रस्ता अडवला. राजाराणीनं ती रात्र सोस नावाच्या वाण्याच्या घरी काढली.

वारेनला आम्ही तो पूल बघितला. पहिल्या महायुद्धात गावाची धूळधाण झाली, त्यामुळे जुनं फारसं उरलेलं नाही. नदी अगदी लहान, आपल्याकडच्या ओढ्याएवढी. कठड्याला टेकून मी बराच वेळ उभी राहिले. चौकीवरचा माणूस आपल्या राजाला थांबवतो, ते कुणाच्या हुकमावरून? त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. १७ जून १७८९ला तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे सरदार आणि धर्मगुरू सोडून बाकीच्या जनतेच्या, प्रतिनिधींनी स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ म्हणवून घेतलं. ऑगस्टमध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं तिसरं कलम आलं: सार्वभौमत्वाचं मूळ राष्ट्रात आहे. त्याच वर्षी लुईचा किताबही बदलला आणि ‘फ्रान्सचा राजा’ हा ‘फ्रेंचांचा राजा’ झाला. आधी भूमी त्याची होती, आता तो लोकांचा होता. द्रुएनं हे सगळं वाचलं होतं की नाही, कोण जाणे. पण त्या रात्री तो त्याप्रमाणे वागला.

दुपारी वाल्मीला, म्हणजे त्या लढाईच्या जागी, आलो. चहूकडे कापणी झालेली शेतं, पांढरट चुनखडीची माती आणि उंचवट्यावर एकटी लाकडी पवनचक्की. ही मूळची नव्हे. मूळची चक्की फ्रेंच सेनापती केलेरमाननं लढाईच्या वेळीच पाडायला लावली, कारण शत्रूच्या तोफांना तिच्यावरून नेम धरता येत होता. नंतर उभारलेली १९९९च्या डिसेंबरातल्या वादळात कोसळली. आताची २००५ सालची आहे.

२० सप्टेंबर १७९२. प्रशिया या जर्मन राज्याची फौज ब्रुन्सविकच्या ड्यूकच्या हाताखाली पॅरिसवर निघालेली होती. राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिस जमीनदोस्त करू, असा जाहीरनामा त्यानं आधीच काढला होता. गंमत अशी, की प्रशियन वळसा घालून पुढे आले होते, त्यामुळे त्यांची पाठ पॅरिसकडे आणि फ्रेंचांची जर्मनीकडे होती. सकाळी धुकं, मग तोफा. फ्रेंच फौज मोडेल असं वाटत असताना केलेरमाननं टोपी तलवारीच्या टोकावर उचलून धरली आणि ओरडला, “व्हीव्ह ला नासिओं!” राष्ट्राचा जय असो! रांगांमधून तीच आरोळी उठली.

“आई, त्याच्या आधी काय ओरडायचे गं?” लेकीनं विचारलं.

“राजाचा जय असो.”

ती गप्प झाली, मीही.

संख्येनं बघितलं तर ही लढाई किरकोळच. फ्रेंचांकडचे सुमारे ३०० पडले, समोरचे २००च्या आत. पाऊस, चिखल आणि हगवणीनं प्रशियन आधीच खंगलेले होते. नवख्या स्वयंसेवकांनी जग हलवलं, असं जे सांगतात त्यातही अतिशयोक्ती आहे, कारण तोफा चालवणारे बहुतेक जुन्या राजाच्याच सैन्यातले कसलेले गोलंदाज होते. पण मला उलट यातच खरी गोष्ट दिसते. तेच हात, त्याच तोफा, फक्त जयजयकार बदलला. दुसऱ्याच दिवशी पॅरिसमध्ये राजेशाही रद्द झाली.

केलेरमानचा जन्म स्ट्रासबर्गचा, म्हणजे जर्मन बोलणाऱ्या शहरातला. तेव्हा हे राष्ट्र भाषेनं बांधलेलं नव्हतं. ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूनं १७९४मध्ये सभेपुढे सांगितलं, की किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नाही. आम्हा मराठी माणसांना हे उफराटं वाटतं. आमच्याकडे भाषा आधी होती, तिच्या नावानं शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले आणि मग १९६०मध्ये राज्य मिळालं. इथं राष्ट्र आधी ठरलं आणि मग त्याला एक भाषा हवीशी झाली. ब्रेतों, बास्क, जर्मन या बोलींकडे संशयानं बघितलं जाऊ लागलं. ग्रेग्वारच्या अहवालाच्या नावातच बोली नष्ट करण्याची गरज मांडलेली आहे. ते वाचताना मला फार वाईट वाटलं होतं. पश्चिम फ्रान्समधल्या व्हाँदे प्रांताच्या शेतकऱ्यांवरही हेच राष्ट्र चालून गेलं. १७९३मध्ये तीन लाखांची सैन्यभरती जाहीर झाल्यावर ते उठले होते, आणि त्यांचा उठाव रक्तात बुडवला गेला. वाल्मीची आरोळी मला अजूनही थरारून टाकते, पण व्हाँदे विसरून ती मला ऐकता येत नाही.

उन्हं कलल्यावर आम्ही केलेरमानच्या पुतळ्यापाशी गेलो. हात उंच, टोपी हवेत. हा माणूस पुढे नेपोलियनकडून ‘वाल्मीचा ड्यूक’ झाला, लुईच्या घराण्यातले बूर्बों राजे परतल्यावर त्यांच्याही दरबारी मान मिळवून राहिला आणि १८२०मध्ये वारला. मरताना त्यानं आपलं हृदय तेवढं इथं पुरायला सांगितलं. ते इथल्या स्मारकस्तंभाखाली आहे. लेकीनं शेताच्या कडेची रानफुलं वेचून आणली आणि आम्ही ती तिथं ठेवली.