बागेतले मासे आणि सोमवार

सोलापुरात टॉवेलच्या धंद्यात असल्यामुळे एक लूम (माग) बघायला पोर्तुगालमधल्या गिमराइंशला जाणं झालं. पोर्तोपासून पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव. तिथंही टॉवेल आणि चादरीच विणतात, म्हणजे आपलं भाऊबंदच. सोबत माझा पार्टनर होता. तो सिद्धेश्वरांचा सोमवार पाळतो आणि नेमका सोमवारच होता.

संध्याकाळी तिथल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यानं 'ताश्का'त नेलं. ताश्का म्हणजे साधी खानावळ: कागद अंथरलेली टेबलं, भिंतीवर टीव्ही, आणि शेजारचा माणूस काय खातोय ते बघून ऑर्डर देणारी गिऱ्हाइकं. बसतोय तोवर पाव, ऑलिव्ह आणि लोणी समोर आलं. मला वाटलं, आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखं फुकट असेल. तसं नसतं. हात लावला की बिलात, नाही लावला की नाही. हे कळलं तेव्हा ऑलिव्हच्या बिया मोजण्यापलीकडं काही उरलं नव्हतं.

मग 'पतिश्कुश' यायला लागले. ताटल्या लहान लहान, सगळ्या मधोमध, ज्याला जे हवं ते त्यानं उचलायचं. खारवलेल्या कॉड माशाचे आणि बटाट्याचे वडे आले. हा मासा नॉर्वे, आइसलँडकडून वाळवून येतो आणि मीठ जायला दिवसभर पाण्यात ठेवावा लागतो. मग लोणच्याच्या फोडींत घोळलेले मांसाचे तुकडे. त्याचं नाव 'पीका-पाउ', म्हणजे सुतारपक्षी, कारण टूथपिकनं टोचे मारत खायचं. उष्ट्याचा प्रश्न त्या काडीनंच मिटवला होता. पार्टनर मात्र पाव चावत बसला होता.

वेटरनं त्याच्यापुढं एक ताटली सरकवली. "बागेतले छोटे मासे," यजमानांनी अर्थ सांगितला.

"सोमवार आहे बे माझा," पार्टनर माझ्याकडं बघत म्हणाला.

यजमानांना काही कळेना. शेवटी मीच एक मोडून दाखवला. आत हिरवा घेवडा! पिठात बुडवून तळलेल्या शेंगा, माशासारख्या दिसतात म्हणून ते नाव. जपानचा तेम्पुरा हा तळीव पदार्थ याच शेंगांवरून निघाला असं म्हणतात, सोळाव्या शतकात पोर्तुगीज तिकडं गेले तेव्हाचा. पार्टनरनं पीठ कशात भिजवलंय, तेल कुठलं, सगळी चौकशी करून ताटली स्वतःकडं ओढली आणि एकट्यानं संपवली. सामायिक खाण्याचा नियम तिथं मोडला.

बिअरबरोबर त्रिमोसुश आले, पिवळ्या चपट्या बिया. कडूपणा जावा म्हणून कित्येक दिवस पाणी बदलत भिजवतात. साल दातांत धरून दाबायची, की दाणा सुळकन तोंडात. टेबलावर सालांचा ढीग बघून मला आमच्या शेतावरचा हुरडा आठवला. तिथंही ताट कुणाचंच नसतं, आगटीभोवती बसायचं आणि ज्याची पाळी त्यानं कणीस चोळायचं.

एवढं सगळं खाऊनही जीभ काही जागी होईना. ज्यांनी आपल्याकडं मिरची आणली, त्यांच्याच जेवणात तिखट नाही, याला काय म्हणावं? बॅगेत शेंगा चटणीची, म्हणजे शेंगदाण्याच्या तिखट चटणीची, पुडी होतीच (सोलापूरकर पासपोर्ट विसरेल एकवेळ). पावावर ऑलिव्ह तेल घालून वर चटणी भुरभुरली. यजमानांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले, आणि पुन्हा हात पुढं केला.

घरी आल्यावर गच्चीवर घेवडा तळला. बेसनाऐवजी मैदा, चवीला मीठ-मिरपूड, बाकी काही नाही. पोरांनी सॉस मागितला, भावजयीनं मिरचीचा ठेचा आणला. आईनं एक शेंग हातात धरून उलटीपालटी केली.

"भजीच की रे ही. याला विमानानं जायची काय गरज होती?"

बोलता बोलता तिनं तिसरी उचलली होती.