गवती चहा: ठोंबापासून बरणीपर्यंत

गवती चहा वाढवणं मुळीच अवघड नाही. अडतं ते वाळवताना. पावसाळ्यात ठोंब भरभरून पात देतो आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी दमट असते की पात वाळण्याआधी बुरसते. म्हणून माझं सगळं वेळापत्रक याच अडचणीवर बेतलेलं आहे. जून ते सप्टेंबर ओली पात वापरायची, वाळवणाची कापणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात करायची आणि थंडीत वाढ मंदावली की बरणी उघडायची.

लावणी बियांपासून नाही, फुटव्यांपासून करायची. भाजीवाल्याकडच्या जुडीत बहुतेक वेळा नुसती पात असते, तिला मुळं फुटणार नाहीत. बुंध्याशी पांढरट, जाड, घट्ट भाग शाबूत असेल तरच ती काडी कामाची. अशा काड्या तीन-चार सेंटीमीटर पाण्यात उभ्या ठेवते आणि पाणी रोज बदलते. आठ ते पंधरा दिवसांत मुळं दिसतात. शेजाऱ्यांकडून मुळासकट ठोंब मिळाला तर हेही करावं लागत नाही. लावताना वरची पात वीतभर ठेवून छाटावी, नाहीतर मुळं नवी असताना पानांतून पाणी उडून फुटवा सुकतो.

एक खातरजमा मात्र आधीच करावी. सिट्रोनेला हे याच कुळातलं गवत रोपवाटिकेत हमखास शेजारीच ठेवलेलं असतं. त्याच्या बुंध्यावर बहुधा तांबूस झाक असते आणि पात चुरली तर डासांच्या मलमाचा वास येतो. ते चहात घालायचं नाही. गवती चहाचा वास स्वच्छ लिंबासारखा येतो. तो सिट्रल या घटकाचा.

कुंडी किमान 12 इंची आणि तळाला भोकं मोकळी हवीत. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू. एका कुंडीत तीन-चार फुटवे, पाच सेंटीमीटर खोल. त्याहून खोल पुरले तर मधला कोंब मातीखाली जातो आणि पहिल्याच मोठ्या पावसात कुजतो. रोज पाच-सहा तास ऊन लागतं. सावलीत पात लांब, लोळणारी आणि वासाला फिकी येते. महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं. पात टोकाकडून तपकिरी होत असेल तर पाणी कमी पडतंय. खालची पानं पिवळी पडून बुंधा मऊ लागत असेल तर पाणी साचतंय. पावसाळ्यात पानांच्या मागच्या बाजूला तांबूस-तपकिरी रेघा आल्या तर तो तांबेरा समजावा. अशी पात बुंध्यापर्यंत कापून कचऱ्यात टाकावी, खताच्या ढिगात नको. कुंड्यांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

पहिली कापणी तीन-चार महिन्यांनी, पात दोन फुटांवर गेली की. जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर ठेवून कापायची. अगदी तळाशी कापली तर नवा कोंबही जातो. पातीच्या कडा करवतीसारख्या असतात, हातमोजे घाला. कापणी सकाळी, दव उडून गेल्यावर.

आता वाळवण. पात धुऊन, झटकून रात्रभर सुती पंचावर पसरते, म्हणजे वरचं पाणी जातं. मग कात्रीने इंच-दीड इंचाचे तुकडे. अख्खी पात वाळवायला घेतली तर कडा कडक होतात आणि मधली शीर ओली राहते; बुरशी लागते ती तिथूनच. तुकडे सुपात किंवा कापडावर एकाच थरात, घरात, सावलीत, पंख्याखाली पसरायचे आणि दिवसातून दोनदा हलवायचे. गच्चीवर उन्हात टाकले तर लवकर वाळतात खरे, पण वास देणारं तेल उडतं आणि हातात उरतो पिवळा पेंढा. छापील वर्तमानपत्रही नको, शाई लागते. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत चार ते सात दिवस पुरतात. तुकडा कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओला आहे.

काचेच्या बरणीत भरल्यावर दुसऱ्या दिवशी आतून बघावं. काचेवर वाफ धरली असेल तर सगळं परत पसरायचं. ही तपासणी टाळली की पूर्ण बरणी जाते. एक किलो ओल्या पातीचा साधारण पाव किलो वाळलेला चहा होतो. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायची, गॅसजवळ नको. सहा-आठ महिन्यांनी वास उतरायला लागतो.

एका कपाला ओली पात दोन-तीन, वाळलेली सपाट एक छोटा चमचा. नुसता काढा करायचा तर पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून पात घालायची आणि पाच-सात मिनिटं ताटली झाकायची. झाकण नसेल तर वास स्वयंपाकघरभर होतो, कपात राहत नाही. दुधाच्या चहात आलं घालत असाल तर आलं आणि पात आधी पाण्यात तीन-चार मिनिटं खळखळून उकळा, मग पूड, शेवटी दूध. कच्च्या आल्यातलं विकर (एन्झाइम) दूध फाडतं. उकळल्यावर ते निष्प्रभ होतं. गूळ गॅस बंद केल्यावरच.

तुळस याच पद्धतीने वाळवते, फक्त पानं तोडताना चुरगळू द्यायची नाहीत. चुरगळली की काळी पडतात. मंजिऱ्या खुडत राहिलं की फुटवा चालू राहतो. काढ्यात पडणारा अडुळसा गावाकडे कुंपणाला असतो, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. रस्त्याकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधाचा कुठलाच पाला तोडू नये. अडुळशातल्या व्हॅसिसीन या घटकापासूनच खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं, म्हणजे ही वनस्पती औषधच आहे. गरोदरपणात ती पूर्ण वर्ज्य. ज्येष्ठमध रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी काढ्यात तो टाळावा. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या तुळशीबद्दल डॉक्टरांना सांगून ठेवावं. गरोदर बाईने गवती चहाचे कडक काढेही घेऊ नयेत. चहातल्या दोन पाती निराळ्या, घट्ट काढा निराळा.

दोन-तीन वर्षांनी ठोंबाचा मधला भाग सुकून पोकळ होतो आणि पात बारीक येऊ लागते. तेव्हा जूनच्या पहिल्या पावसात कुंडी उलटी करून ठोंब सुरीने चिरावा, बाहेरच्या बाजूचे जाड फुटवे ठेवून मधलं टाकून द्यावं. एका ठोंबात तीन-चार कुंड्यांचं सामान सहज निघतं.