पात्याच्या टोकाशी उरलेली जागा

नवी मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेले वर्षभर मी विद्यार्थ्यांबरोबर 100 मिलीमीटर व्यासाच्या अक्षीय जलटर्बाइनवर, म्हणजे ज्यात पाणी अक्षाच्या दिशेनेच वाहते अशा टर्बाइनवर, काम करत आहे. 3 मीटर हेड, म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक, आणि सेकंदाला 10 लिटर प्रवाह एवढेच पाणी आमच्या हाती असते. त्यात सुमारे 294 वॅट शक्ती असते आणि तिच्यातली किती शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, उतरते, हाच सगळा प्रश्न आहे.

पात्याचा पीळ कागदावर मांडणे त्या मानाने सोपे गेले. मिनिटाला 1500 फेऱ्या होत असताना पात्याचे टोक सेकंदाला जवळजवळ 8 मीटर वेगाने फिरते, तर 45 मिलीमीटर व्यासाच्या हबपाशी, म्हणजे पाती जिथे बसवलेली असतात त्या मधल्या भागापाशी, तोच वेग साडेतीन मीटर भरतो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या पाण्यात गिरकी उरू नये म्हणून फिरण्याच्या प्रतलाशी पात्याचा कोन हबपाशी 24 अंश, तर टोकाशी 12 अंशांहून किंचित कमी ठेवावा लागतो. व्हिक्टर काप्लान यांच्या 1913 सालच्या रचनेत पाती वळवता येतात. आमची पाती स्थिर असल्याने कोन पहिल्याच खेपेला साधणे भाग होते.

तरीही पहिल्या चाचणीत टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवणारा पीळ, 1.02 न्यूटन मीटर आला, म्हणजे कार्यक्षमता जेमतेम 54 टक्के. आराखड्यात पात्याचे टोक आणि केसिंग, म्हणजे भोवतालची नळी, यांत 0.4 मिलीमीटर फट होती. एका विद्यार्थिनीने फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घेऊन रनर, म्हणजे पात्यांचे चाक, हाताने हळूहळू फिरवला, तेव्हा एका बाजूला 0.6 आणि समोरच्या बाजूला 1.3 मिलीमीटर भरले. ॲक्रिलिकची नळी मुळात गोलच नव्हती. मीटरभर उंचीच्या पात्याला एक मिलीमीटर फट जाणवतही नाही. आमच्या पात्याची उंचीच साडेसत्तावीस मिलीमीटर, म्हणजे तेवढ्याच फटीतून साडेतीन टक्क्यांहून अधिक उंची वाया जाते आणि टोकावरून निसटणारे पाणी पात्याच्या मागे भोवरा उठवून उरलेला प्रवाहही बिघडवते.

रबाळे एमआयडीसीतल्या एका लेथवर आम्ही जाड नळी आतून बोअर करून घेतली. ‘तापलं की फुगतं, घाई करू नका सर,’ असे सांगत मिस्त्रींनी अगदी हलके कट घेतले आणि प्रत्येक कटानंतर नळी निवू दिली. त्यांच्या त्या सबुरीचा मला मनापासून आदर वाटतो. नव्या केसिंगमध्ये टॉर्क 1.1 वर गेला आणि कार्यक्षमता 59 टक्क्यांच्या जवळ पोहोचली.

त्यानंतर रनर काढून नुसता शाफ्ट मोटरने फिरवला, तर पाणी अडवणारे सील आणि बेअरिंगच 0.1 न्यूटन मीटर, म्हणजे जवळजवळ 16 वॅट खात असल्याचे दिसले. सध्या काम त्या सीलवर चालू आहे.