सँक्शन : एका शब्दाची सोबत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा लिहिण्याजोगे पुष्कळ काही आठवले. परंतु स्नेहसंमेलने, सहली आणि अजिंक्यताऱ्यावरच्या पहाटेच्या फेऱ्या यांविषयी इतर माजी विद्यार्थी अधिक रसाळ लिहितील, याची मला खात्री आहे. मी येथे एका इंग्रजी शब्दाविषयी लिहिणार आहे. नववी-दहावीला इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या सरांनी तो शब्द ज्या रीतीने आमच्यापुढे मांडला, त्या रीतीच्या आधारावर पुढे जिल्हा न्यायालयातील भाषांतरकाराची माझी सगळी नोकरी झाली. तो शब्द म्हणजे ‘सँक्शन’.

साताऱ्यात हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. सोसायटीचे पीककर्ज सँक्शन होते, विहिरीवरच्या मोटारीसाठी वीजजोड सँक्शन होतो, रजा सँक्शन होते, शाळेची वाढीव तुकडीसुद्धा सँक्शन होते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई. कोरेगाव-रहिमतपूरकडून एस.टी.ने येणाऱ्या मुलांच्या कानांवर हा शब्द इंग्रजी मुळाक्षरांच्याही आधी पडलेला असे, कारण घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात कर्जाचा विषय निघाला की तो येतच असे. त्यामुळे त्याचा अर्थ ‘मंजुरी’, याबद्दल वर्गात दुमत असण्याचे कारण नव्हते. तो अर्थ चुकीचाही नाही. फक्त तो त्या शब्दाचा निम्माच अर्थ आहे.

१९७७च्या नोव्हेंबर महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रास्त्रे पुरवण्यावर बंदी घातली. एखाद्या सदस्य देशाविरुद्ध अशी बंधनकारक कारवाई त्या परिषदेने प्रथमच केली होती. सरांनी त्या बातमीचे इंग्रजी कात्रण वर्गात आणले, त्यातील एक वाक्य फळ्यावर उतरवले आणि त्याचा मराठी अर्थ लिहायला सांगितला. वाक्यात ‘सँक्शन्स’ हा शब्द होता, आणि बहुतेक वह्यांत उत्तर आले ते असे, की सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिकेला मंजुरी दिली. सरांनी विचारले, की जो देश आपल्याच बहुसंख्य प्रजेला कातडीच्या रंगावरून मतदानाचा हक्क नाकारतो, त्याला साऱ्या जगाच्या वतीने मंजुरी कशाची दिली असेल? वर्ग गप्प झाला. मग त्यांनी फळा पुसला, मधोमध पांढऱ्या खडूने ‘सँक्शन’ लिहिले आणि त्याच्याभोवती रंगीत खडूने त्याच्या सोबतचे शब्द मांडायला सुरुवात केली.

सरांचे म्हणणे असे, की ज्या शब्दाला परस्परविरुद्ध अर्थ आहेत, त्याच्याकडे एकट्याने पाहायचेच नाही; त्याची सोबत पाहायची. ‘सँक्शन’च्या आधी देणे, मिळणे, मागणे अशा अर्थाचे क्रियापद असेल, म्हणजे ‘गिव्ह’, ‘ग्रँट’, ‘अकॉर्ड’, ‘ऑब्टेन’, तर तो मंजुरीचा सँक्शन. त्याच जागी ‘इम्पोज’ किंवा ‘लिफ्ट’ असेल, म्हणजे लादणे किंवा उठवणे असेल, तर तो निर्बंधांचा. पुढे ‘फॉर’ आले तर बहुधा मंजुरी, ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ आले तर निर्बंध. मंजुरीचा सँक्शन बहुतेक वेळा एकवचनात राहतो. निर्बंधांचा प्रायः अनेकवचनात येतो, म्हणूनच वर्तमानपत्रात ‘सँक्शन्स’ दिसतात आणि बँकेच्या पत्रात ‘सँक्शन’. क्रियापद म्हणून तो आला, तर जुन्या आणि औपचारिक लेखनात त्याचा अर्थ परवानगी देणे, मान्य करणे हाच घ्यायचा. फळ्यावरची ती आकृती मी वहीत उतरवून घेतली होती. पुढे न्यायालयाच्या फायली हातात आल्यावर तिच्यात भर पडत गेली, पण तिच्यातील काहीही खोडण्याची वेळ आली नाही.

एकाच शब्दाला हे दोन टोकांचे अर्थ कसे आले, हे आम्हांला सरांनीच सांगितले, आणि तो भाग मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. मुळात लॅटिन भाषेत ‘सान्किरे’ असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ एखादी गोष्ट पवित्र करणे, अनुल्लंघनीय ठरवणे, कायदा म्हणून प्रस्थापित करणे. अभयारण्याला इंग्रजीत ‘सँक्च्युअरी’ म्हणतात, तो शब्द त्याच कुळातला. आमच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत देवराया आहेत. देवराईतले झाड तोडायचे नाही, हा नियम तिथे कोणी कागदावर लिहून ठेवलेला नसतो. त्या झाडाला देवाचे संरक्षण असते आणि कोयता लावणाऱ्यावर देवाचा कोप होतो, असे गाव मानते. संरक्षण आणि कोप या तिथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच अधिकाराच्या त्या दोन बाजू आहेत. ‘सँक्शन’चेही नेमके तसेच झाले. इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ होता कायदा किंवा फर्मान. पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने, मुलगा नसल्यास आपल्या मुलीला वारसा मिळावा म्हणून, १७१३ साली, म्हणजे त्याची मुलगी मारिया थेरेसा जन्मण्याच्याही आधी, जो हुकूम काढला, तो इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणून ओळखला जातो. तिथे मंजुरीही नाही आणि शिक्षाही नाही, तिथे तो शब्द निखळ राजाज्ञा या अर्थाने आहे. पुढे आज्ञेमागे जे बळ असते, म्हणजे ती मोडल्यास होणारा दंड, त्यालाही तेच नाव मिळाले. आणि आज्ञा देणारा ज्या गोष्टीला मान्यतेचा शिक्का देतो, त्या मान्यतेलाही तेच नाव मिळाले.

जेरेमी बेंथम या विचारवंताने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात माणसाच्या वागण्याला वळण लावणाऱ्या चार सँक्शन सांगितल्या आहेत : निसर्गाची, राज्यसंस्थेची, लोकमताची आणि धर्माची. या चारही ठिकाणी दुःखाची भीती जशी आहे, तशीच सुखाची आशाही आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कायद्याच्या मराठीत यातील भीतीच्या बाजूसाठी ‘शास्ती’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. घरपट्टी थकली की नोटिशीत तो भेटतो. तेव्हा मंजुरी, शास्ती आणि निर्बंध असे तीन वेगवेगळे मराठी शब्द एका इंग्रजी शब्दाच्या जागी उभे राहतात. भाषांतरकाराने त्यांतला कोणता निवडायचा, हे सोबतच्या शब्दांना विचारल्याशिवाय ठरत नाही.

न्यायालयात या निवडीचे महत्त्व किती असते, हे एका प्रकारच्या कागदावरून सांगतो. सरकारी नोकराने आपले कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा असेल, तर शासनाची पूर्वमंजुरी लागते. ही तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १९७ म्हणून होती. लाचलुचपतीच्या खटल्यांसाठी १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात कलम १९ आहे. अशा फायलीत ‘सँक्शन ऑर्डर’ नावाचा एक स्वतंत्र दस्तऐवज असतो. त्यावर तारीख असते, सक्षम प्राधिकाऱ्याची सही असते, आणि त्या प्राधिकाऱ्याने तपासाची कागदपत्रे वाचून, स्वतः विचार करून निर्णय घेतला, असे त्यातून दिसावे लागते. ते दिसले नाही, तर बचाव पक्षाचे वकील पहिला घाव तिथेच घालतात. आता हे कागद पाहणाऱ्या पक्षकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. ‘अधिकाऱ्याविरुद्ध सँक्शन निघाली’ हे ऐकून एकाला वाटते, की त्याला शिक्षा झाली. दुसऱ्याला वाटते, की त्याच्या कृत्याला शासनाने मंजुरी दिली. दोन्ही समजुती खोट्या आहेत. मंजुरी आहे, पण ती खटला चालवण्यास आहे. दोष ठरायचा आहे, शिक्षा तर फार पुढची गोष्ट. म्हणून माझ्या भाषांतरात मी नुसते ‘मंजुरी’ कधी लिहिले नाही. ‘खटला दाखल करण्यास पूर्वमंजुरी’ असे पूर्ण लिहीत आलो. कागद थोडा जास्त लागला, पण वाचणारा भलत्या वाटेला गेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम २१८ मध्ये आली असून, शासनाने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असे मानले जाते. ही मानीव मंजुरी. माझ्या जागेवर आज बसलेल्यांना हा नवा शब्दही जपून वापरावा लागत असेल.

प्रशासनातील बाकीचे उपयोग सोपे आहेत, कारण तिथे मराठी रूढ झालेले आहे. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असतो, आस्थापनेच्या तक्त्यात ‘मंजूर पदे’ असतात, बांधकामाच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता आणि मग तांत्रिक मंजुरी लागते. एवढे मात्र सांगायला हवे, की बँकेत कर्ज सँक्शन होणे म्हणजे पैसे हातात पडणे नव्हे. मंजुरी आणि वितरण या दोन पायऱ्या आहेत, आणि मंजुरीपत्रातील अटी न वाचता कामाला लागलेल्या माणसाची ओढाताण होते. ‘मंजूर’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अरबी ‘नजर’शी त्याचे नाते आहे, ज्यावर नजर गेली, जे नजरेखालून गेले, ते मंजूर.

एक उपयोग मात्र असा आहे, की तिथे मी दर वेळी थबकतो. धर्मग्रंथ आणि सामाजिक विषमता यांच्या चर्चेत ‘रिलिजस सँक्शन’ हा शब्दप्रयोग नेहमी येतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी आपल्या याच साताऱ्यातील सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. अस्पृश्यतेची झळ त्यांना त्या वयातही बसत होती. ती प्रथा टिकली, ती केवळ माणसांच्या दुष्टाव्याने टिकली नाही. तिच्यामागे धर्माची सँक्शन होती. इथे ‘मंजुरी’ लिहिले तर अर्थ तोकडा पडतो, कारण मंजुरी ही मागणाऱ्याला एकदा दिली जाते. ‘शास्ती’ लिहिले तर मान्यतेची बाजू गळते. प्रथा पाळणाऱ्याला पुण्याचे आश्वासन आणि मोडणाऱ्याला पापाची, बहिष्काराची धमकी, अशा दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत, आणि बेंथमने सांगितलेली चौथी सँक्शन ती हीच. मी ‘धर्माचे अधिष्ठान’ लिहितो. त्यात धमकीची धार थोडी कमी होते हे खरे, पण आधार आणि अधिकार हे दोन्ही त्यात राहतात. याहून चांगला शब्द कोणा माजी विद्यार्थ्याला सुचला, तर तो मला अवश्य कळवावा.

आजच्या विद्यार्थ्यांना हा शब्द सरांच्या काळापेक्षा अधिक चकवतो, याचे कारण क्रियापदात झालेला बदल. पूर्वी ‘टू सँक्शन’ म्हणजे मान्यता देणे, एवढे धरून चालले तरी निभावत असे. विसाव्या शतकात याच क्रियापदाला दंड करणे, निर्बंध घालणे हा अर्थही चिकटला, आणि आता बातम्यांमध्ये तोच वरचढ होऊ लागला आहे. मे १९९८मधील पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्यावर आर्थिक निर्बंध घातले, तेव्हा हा अर्थ भारतातील घराघरांत पोहोचला. २०१९ साली इराणचे तेल घेणे आपल्याला थांबवावे लागले, त्याचेही कारण हेच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ज्या ४१व्या अनुच्छेदाखाली असे निर्बंध घातले जातात, त्यात मात्र ‘सँक्शन’ हा शब्द नाही, तिथे ‘उपाययोजना’ अशा अर्थाचा साधा शब्द आहे. सनदेच्या लेखकांनी संदिग्ध शब्द टाळला, याचे मला नेहमी कौतुक वाटते. इंग्रजीत स्वतः लिहिताना मुलांनीही तेच करावे : मान्यता म्हणायची असेल तर ‘अप्रूव्ह’ किंवा ‘परमिट’, दंड म्हणायचा असेल तर ‘पीनलाइज’, कार्यालयीन पत्रात जिथे रूढी आहे, तिथेच ‘सँक्शन’.

वाचताना मात्र सुटका नाही. ‘सँक्शन्ड लोन’ म्हणजे मंजूर झालेले कर्ज आणि ‘सँक्शन्ड टँकर’ म्हणजे ज्याच्याशी व्यवहार करण्यास मनाई आहे असे तेलवाहू जहाज. विशेषण तेच, आणि या वेळी ना ‘फॉर’ मदतीला येते ना ‘ऑन’. इथे सोबत उरते ती एकट्या नामाची. अलीकडे एका मराठी मजकुरात मी ‘मंजूर टँकर’ असे वाचले. तिथे ‘निर्बंधित टँकर’ चालले असते. पण सामान्य वाचकासाठी ‘ज्याच्यावर निर्बंध आहेत असा टँकर’ असे सरळ, लांब लिहिणेच मी पसंत करीन.