जुन्या सर्व्हरच्या सामानातून वर्कस्टेशन: सांगलीतला माझा अनुभव

आमचं काम ड्रोनने जमिनीचे नकाशे करण्याचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हापासून नदीकाठच्या लोकांना आपल्या रानाचा चढउतार नीट कळायला हवा असतो, कुठल्या नाल्यातून पाणी आधी शिरणार ते बघायचं असतं. फोटो जोडून असा नकाशा करणारं ओपनड्रोनमॅप फुकट आहे, पण रॅम भरपूर मागतं. अडीच हजार फोटोंना साधारण १२८ जीबी धरायची. माझ्या ३२ जीबीच्या पीसीवर मोठं काम मध्येच बंद पडायचं आणि नव्या मशीनचं कोटेशन लाखाच्या पुढे जात होतं.

म्हणून सर्व्हरमधून निघालेल्या सामानाकडे वळलो. कंपन्या ठरावीक वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि जुना माल ढिगाने बाजारात येतो. इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४ हा १४ कोअरचा (एकावेळी १४ कामं हाताळणारा) सर्व्हरचा प्रोसेसर २०१६ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत १,७४५ डॉलर होती. मला तो अडीच हजार रुपयांच्या आत मिळाला. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉप मदरबोर्डवर चालतच नाही, त्यामुळे तिलाही गिऱ्हाईक कमी.

रॅक सर्व्हर घेतला नाही, त्याच्या पंख्यांचा आवाज घरात सहन होणारा नाही. बिनब्रँडचे बोर्डही टाळले. एचपीचं झेड४४० हे जुनं वर्कस्टेशन पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मागवलं: ७०० वॉटचा पॉवर सप्लाय, रॅमचे ८ स्लॉट आणि प्रोसेसर बसवायला हवा तोच सॉकेट. त्याचा सप्लाय मात्र कंपनीच्या खास कनेक्टरचा असतो, गेला तर दुकानातला साधा सप्लाय थेट बसत नाही. हे धरूनच सौदा करावा.

मशीनमध्ये आधीपासून ई५-१६२० व्ही३ हा प्रोसेसर होता. तो काढायच्या आधी त्याच्यावरच बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, कारण व्ही४ प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नाही. मग प्रोसेसर धरून ठेवणारे सॉकेटचे दोन्ही खटके उघडले आणि मोबाईलच्या टॉर्चने सॉकेटमधली पिन न् पिन तिरप्या उजेडात पाहिली. मिरजेतल्या रिपेरिंगवाल्या दादांनी बजावलं होतं, "पिन वाकडी दिसली तर पुढं हात लावू नको, तसंच घेऊन ये." एकही वाकडी नव्हती. प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक जुनाच ठेवला. आधीचा प्रोसेसर १४० वॉटचा, हा १२० चा.

सगळ्यात जास्त वेळ रॅमला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. घेताना लेबल वाचायचं: २४००टी (वेगाचा आकडा) नंतर 'आर' असेल तर रजिस्टर्ड, 'एल' असेल तर एलआरडीआयएमएम, म्हणजे सर्व्हरच्या रॅमची दुसरी जात. या दोन जाती एकत्र चालत नाहीत. प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनल (रॅमशी जोडणारे मार्ग) आहेत, म्हणून रॅमच्या ३२ जीबीच्या चार सारख्या स्टिक घेतल्या, प्रत्येक चॅनलला एक. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला, एकही एरर नाही. पण ही रॅम ईसीसी, म्हणजे चूक सुधारणारी; तिच्यात एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते, त्यामुळे आजारी स्टिकही पास होऊ शकते. उबंटू या लिनक्स प्रणालीत मेमरीच्या चुका नोंदवणारा रासडेमन हा प्रोग्राम टाकून मशीनवर भार दिला, तेव्हा एका स्लॉटपुढे दुरुस्त केलेल्या चुकांचा आकडा वाढताना दिसला. ती स्टिक शेजारच्या स्टिकशी बदलून पाहिली, तर आकडा तिच्या मागोमाग नव्या स्लॉटवर गेला. म्हणजे स्लॉट ठीक, स्टिक खराब. स्क्रीनशॉट पाठवल्यावर विक्रेत्याने ती बदलून दिली. परतीची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरकलीच पाहिजे.

या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतं, म्हणून क्वाड्रो के६२० हे एक जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं. विंडोज ११ अधिकृतपणे या प्रोसेसरवर चालत नाही. माझं काम उबंटूवर होतं, त्यामुळे अडलं नाही. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात मात्र हे मशीन आजच्या साध्या पीसीच्याही मागे पडतं, तेव्हा नुसतं कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग) करणाऱ्याने यात पैसे घालू नयेत. आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे यूपीएस हवाच, नाहीतर तासन्‌तास चाललेलं प्रोसेसिंग पहिल्यापासून करावं लागतं.

आता दोन हजार फोटोंचं काम संध्याकाळी लावतो आणि सकाळी नकाशा तयार असतो. चार स्लॉट अजून रिकामे आहेत. त्याच लेबलच्या स्टिक मिळाल्या की २५६ जीबी करायची आहे.