तुम्ही विचारलंत म्हणून: मी बदली वादक का सुचवत नाही

"तुमची तारीख मोकळी नसेल तर निदान एखादे नाव तरी सुचवा," असे मला वारंवार सांगितले जाते आणि मी ते टाळले की समोरचा मला मत्सरी ठरवून मोकळा होतो. मत्सर मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. पण सगळा मत्सरच आहे, असेही नाही.

मी एका गायिकेच्या वाद्यवृंदात सहा वर्षे कीबोर्ड वाजवत होतो. एका कार्यक्रमाच्या दिवशी मी ध्वनिमुद्रणाला आधीच शब्द दिलेला होता, म्हणून एका तरुण वादकाचे नाव सुचवले आणि वर माझी वहीही त्याच्या हाती ठेवली. तिच्यात प्रत्येक गाण्याची पट्टी होती, बाईंचा घसा बसलेला असला तर कोणते गाणे अर्ध्या सुराने खाली घ्यायचे ते होते, आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतर बाई दोन मात्रा जास्त थांबतात, तिथे घाई करायची नाही, हे तर लाल शाईने लिहिलेले होते. वही परत आली तेव्हा एका पानावर माझा कॉर्ड खोडून त्याने पेन्सिलीने दुसरा लिहिला होता. मी तो वाजवून पाहिला. त्याचाच बरोबर होता.

बाईंचा पुढचा कार्यक्रम ठरल्याचे मला जाहिरातीवरून कळले.

बदलीवर गेलेल्याने आपला नंबर परस्पर देऊ नये आणि पुन्हा बोलावणे आले तर मूळ वादकाच्या कानावर घालावे, असा आमच्यात अलिखित नियम आहे. त्याने तो मोडला, हे मी भेटेल त्याला सांगितले. बाईंसाठी मी जास्त मानधनाच्या तारखा सोडल्या होत्या, हेही सांगितले. त्यांनी तसे कधी मागितले नव्हते, हे मात्र सांगितले नाही. आणखी एक गोष्ट मी नेहमी गाळत आलो, ती म्हणजे बाईंकडे मीही प्रथम बदलीवरच गेलो होतो आणि ज्याच्या जागी गेलो त्या आजारी माणसाला मी फोन केला नव्हता.

आजारपणात त्याला त्रास कशाला, असे तेव्हा मी स्वतःला समजावले होते. आज त्या जुन्या स्वतःशी भांडायला बसलो, तर तो उलट मलाच विचारतो, की कोणाला बोलवायचे हे गाणाऱ्याने ठरवायचे, त्यात तुझा हक्क आला कुठून? याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो फोन दोन मिनिटांचा होता आणि 'उद्या करू' म्हणता म्हणता तो राहूनच गेला, हे त्यालाही नाकारता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्या तरुण वादकाचा फोन आला. बाईंच्या एका कार्यक्रमाला त्याला जमत नव्हते. मी त्याच्या बदलीवर जाईन का, असे त्याने अतिशय अदबीने विचारले आणि आपली वही पाठवतो म्हणाला. त्या दिवशी मी मोकळा आहे. मी अजून काहीच कळवलेले नाही.