आजीची कुंडी अन् सडलं संत्रं

आईबाबांच्या लग्नाला यंदा 40 वर्षं झाली, तर पोरांनी आजी-आबाजींच्या बागेसाठी हाताने काहीतरी रंगवून द्यावं असं डोक्यात आलं आणि तेही नेमकं नवतप्याच्या कडक उन्हात. नागपूरकरांना सांगायला नको, गच्चीवर पाय ठेवता येत नाही, म्हणून सगळा पसारा हॉलमध्ये कूलरसमोर मांडला, तर पहिल्याच मिनिटाला खालचे पेपर उडून ओल्या रंगाला चिकटले.

सामान म्हणजे नर्सरीतले गुळगुळीत गोटे आणि एक मातीची कुंडी. रंग घरातच होते, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवायला घेतलेले पोस्टर कलर. चार गोटे झाले, मस्त वाळले, अन् लहान्याने (वय 4) त्यातला एक कूलरमध्ये टाकायच्या पाण्याच्या बादलीत बुचकळला. पाणी हिरवं, गोटा कोरा! बरंच झालं म्हणा, नाहीतर मृगाच्या पहिल्या सरीत आजीच्या अंगणात हेच झालं असतं.

मग ॲक्रेलिक आणले. यावेळी गोटे घासून धुतले, दिवसभर वाळवले, आधी पांढरा हात मारला आणि मग पोरांच्या हाती दिले. मोठीने फार मन लावून संत्रं काढलं, देठ पान सगळं, आणि ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात लहान्याने त्यावर काळा रंग फासला. "आई, यानं माझं संत्रं सडवलं!" तासभर रडारड. रात्री मी गुपचूप दुसऱ्या गोट्यावर छान संत्रं काढून ठेवलं, तर सकाळी मॅडम म्हणे हे मी नाही केलं, हे नाही द्यायचं. पडलंय ते अजून आमच्याच बाल्कनीत.

कुंडीचं प्रकरण वेगळं. आई दरवर्षी कुंड्यांना गेरू लावते, तो गेला की परत लावायचा, सोपं काम. पण ॲक्रेलिकचे पोपडे निघतात, कारण माती पाणी पाझरते. माठातलं पाणी ज्यामुळे थंड होते त्याचमुळे इथे रंग फुगतो. म्हणून कुंडीला आतून व्हर्निशचे दोन हात दिले, बाहेरून चित्रांवर पण, आणि गोट्यांवर पण. हे काम पोरं झोपल्यावर बाल्कनीत केलं, वास फार डोक्यात जातो.

आबाजींनी गोटे तुळशीभोवती मांडले, सडलं संत्रं सगळ्यात पुढे. कुंडी मात्र आईने सरळ हॉलमधल्या टेबलावर ठेवली. लहान्याने विचारलं, "आजी, यात झाड काहून नाही लावलं?" तर म्हणे, "रंग जाईल ना बापू." मी व्हर्निशवर अख्खं लेक्चर दिलं, तिने हो हो म्हणत ऐकून घेतलं. मागच्या रविवारी गेलो तर कुंडीत टीव्हीचा रिमोट, बाबांचा चष्मा आणि लाईटचं बिल.